मंगलच्या पायाचा शिमगा

माझं माहेर मुखेडच्या पलीकडं, सगळं कोरडवाहू रान, ज्वारी अन् तूर सोडून दुसरं काही पिकायचं न्हाई. चौथी झाले अन् शाळा सुटली, कारण पाचवीसाठी दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं, अन् बाप म्हणला चालायचंच असंल तर शेळ्यांमागं चाल. मी चालले. त्याचं मला काही दुःख न्हाई, ताई, तुम्ही तसं तोंड करू नका. मला वाचता येतं, सही येते, बसची पाटी वाचून मी बसमध्ये बसते, येवढ्या शिक्षणावर माझं काहीच अडलं न्हाई.

लग्न झालं अन् औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला गेले. तिकडं व्हय म्हणतात, आमच्याकडं हाव. सासूनं हाक मारली की मी हाव म्हणायची अन् आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मंग सासूनं माझं नावच हाव ठिवलं. ए हाव, पाणी आण. ए हाव, चूल पेटीव. पाहुणे आले तरी तेच, ही आमची हाव. बाई तोंडाची फाटकी व्हती पण मनाची बरी, अन् मंगल जन्मली तवापासून त्या नातीला तिनं खाली ठिवलं न्हाई. पोरगी झोपायची आजीपाशी, जेवायची आजीच्या ताटात, मला फक्त न्हाऊ घालायला मिळायची.

भूकंपाचं मी जास्त सांगणार न्हाई. ते ऐकायला लई लोक येऊन गेले, लिहून घेऊन गेले, फोटो काढून गेले. तुम्ही पायाचं विचारायला आलात ना, मंग पायापुरतं सांगते. आम्ही दोघं नवराबायको उडदाच्या राशीपाशी रानात झोपलो व्हतो. गावात आदल्या दिवशी गणपती बोळवले व्हते, लोक दमून झोपलेले. पोरगी आजीजवळ घरात. माळवदाचं घर, दगडमातीच्या रुंद भिंती, उन्हाळ्यात गार, सासूला त्या घराचा लई ताठा. पहाटं ते सगळं घर खाली आलं. दुपारी कुणा एकाला आजीच्या लुगड्याचा काठ दिसला, तिथं उकरलं तर आजी गेलेली अन् आजीच्या कुशीत पोरगी जित्ती, एक पाय लाकडाखाली. पाच वर्षाची व्हती. पुढं लई वर्षांनी तिनं मला एकदा सांगितलं, एकदाच, मी पुन्हा विचारलं न्हाई. म्हणली, आई, मी हाक मारायची अन् आजी ओ द्यायची, मी हाक मारायची अन् आजी ओ द्यायची, मंग आजीनं ओ द्यायचं सोडलं, मंग मी बी हाक मारायचं सोडलं.

तवापासून ह्या पोरीला दुखलं खुपलं तर आवाज न्हाई. बोट कापलं, गप. विंचू चावला, गप. मास्तरनं छडी मारली, गप. लोक म्हणायचे काय शहाणी पोरगी हाय. मला ते शहाणपण कधी आवडलं न्हाई. लेकरानं बोंबलावं, त्याच्यासाठीच त्याला नरडं दिलेलं असतं.

पायाचं हाड जुळलं, पण दवाखान्यात म्हणले गुडघ्याच्या खाली हाड जिथून वाढतं ती जागाच चेंगरलीय, हा पाय मागं राहणार. मला काही समजलं न्हाई, एकाच पोरीचे दोन पाय, एक मागं कसा राहील. पण राहिला बघा. डावा वाढत गेला अन् उजवा त्याच्या मागं रेंगाळत गेला, दहावीला गेली तवा चार बोटांचा फरक. उजव्या चपलेला जाड तळवा ठोकून घ्यावा लागायचा. पोरी तिला लंगडी म्हणायच्या. तिला त्याचं काही न्हाई, म्हणायची, लंगडतेच की, मंग काय म्हणतील.

तिला एकच गोष्ट टोचायची, अन् ती म्हणजे तिचं अंथरूण. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो, मंग लातूरला आलो, पण कुठंबी राहिलो तरी पोरगी झोपणार दाराला लागून. आम्हीच तशी सवय लावली. पुन्हा जमीन हालली तर सगळे पळतील, ही पळू शकणार न्हाई, म्हणून हिला दारापाशी. पाहुणे आले तर त्यांच्या चपला हिच्या उशाला. थंडीत दाराच्या फटीतून वारं हिच्या अंगावर. अन् नुसतं आमच्याच घरात असं न्हाई, आमच्या भागातल्या सगळ्या लोकांना ती खोड लागलेली, ट्रक गेला अन् कपाटातली भांडी वाजली की माणूस आधी अंगणात अन् मंग विचार. आजबी भूकंपातला माणूस नव्या घरी गेला की आधी दार कुठं हाय ते बघतो, चहापाण्याचं नंतर.

लातूरला आलो तवा क्लासेसचं पीक नुकतं जोमात आलं व्हतं. जिकडं बघावं तिकडं पाट्या, डॉक्टर करू, इंजिनिअर करू. नांदेडपासून, धर्माबादपासून, कुठकुठून पोरं येऊन राहायची, एकेका खोलीत चार चार, पुस्तकाचे गठ्ठे अन् घरच्या चिवड्याचा डबा. त्या पोरांना पोटाला पाहिजे ना. मी खानावळ घातली. शमीम खाला म्हणून आमची घरमालकीण, तिच्या वाड्याच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या, पुढं पंगत, मागं आम्ही. आमचे मालक, म्हणजे मंगलचे वडील, शेतकरी माणूस, कणीक मळायला शिकले. आधी लाजायचे, दार लावून मळायचे. पुढं असे सरावले की माझ्या कणकेला नावं ठेवायला लागले.

मंगल दहावी झाली त्या उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, एक हाडाचे डॉक्टर आलेत, तरणे हायत, पण पाय लांब करतात. मी म्हणलं पाय काय लाटायची पोळी हाय का. तरी गेलो. डॉक्टरनं समजावून सांगितलं, नडगीचं हाड कापायचं, पायाभोवती लोखंडी कडी बसवायची, कड्यातून तारा आरपार हाडात घालायच्या, अन् कड्याचे नट रोज जरा जरा फिरवायचे, म्हणजे कापलेल्या हाडात फट पडत जाते अन् त्या फटीत नवं हाड भरत जातं. मी म्हणलं, डॉक्टर, ढोराला बी कुणी असं करत न्हाई. ते हसले न्हाईत. म्हणले, मावशी, दुखंल. लई दुखंल, अन् लई महिने दुखंल, मी खोटं सांगत न्हाई. मला तो माणूस तिथंच पटला. न्हाईतर डॉक्टर लोक मुंगी चावल्यासारखं वाटंल म्हणतात अन् दाभण घालतात.

मंगलनं एकच विचारलं, मला पळता येईल का? डॉक्टर म्हणले, आधी चाल, मंग पळ. ती म्हणली, घाला कडी.

ऑपरेशन झालं, आठवड्याभरानं घरी आणली. काय सांगू तुम्हाला, पाय म्हणजे नुसता कारखाना दिसत व्हता. चार लोखंडी कडी, मधी दांडे, अन् तारा ह्या बाजूनं शिरून त्या बाजूनं बाहेर. शमीम खालाचे मालक बशीरभाई, त्यांचं सायकलचं दुकान, ते बघायला आले, चष्मा लावून वाकून वाकून बघितलं अन् म्हणले, भाबी, ये तो पूरा चाक है, बस टायर चढाना बाकी है. मी हसले. पोरगीबी हसली जराशी. तिच्या वडलांना मात्र ते बघवत नव्हतं. दिवसातून चार बारी नट फिरवायचे, अन् ती वेळ झाली की मालक उठायचे, कोथिंबीर संपलीय म्हणायचे अन् बाहेर जायचे. त्या उन्हाळ्यात आमच्या खानावळीत येवढी कोथिंबीर झाली की वरणावर कोथिंबीर, भातावर कोथिंबीर, पोरं विचारायची, मावशी, ताकात बी घालू का.

आता दुखायचं कसं, ते सांगते. नट फिरवताना फार न्हाई. पाव फेरा, बारीक कट् असा आवाज, झालं. पण जरा वेळानं पोटरी ओढायला लागायची. कारण हाड वाढतं, पण मांस, शिरा, कातडी, त्यांना कुठं मालूम हाय की वाढायचं हाय, ती जुन्याच मापाची. ओला दोरखंड उन्हात वाळून आवळतो ना, तसं आतून आवळायचं. तारा जिथं कातडीत घुसल्या तिथं आग. कूस बदलता येत न्हाई, चादर अंगावर घेता येत न्हाई, कड्याला अडकते. अन् सगळ्यात वाईट म्हणजे टॉवेल. पोटरी आखडली की टाच वर उचलते, पाय घोड्यासारखा पुढच्या बोटांवर येतो. म्हणून पंजाला टॉवेलचा वेढा द्यायचा अन् दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढायचा, टाच खाली आली पाहिजे, ओढून धरायचं, मोजायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. तवा पोरीचा रंग राखेसारखा व्हायचा. घाम टपटप. अन् तोंडातून आवाज न्हाई. ओढणीचा बोळा दातात, डोळे मिटलेले.

बरं, माणूस आवाज दाबतो तवा सगळं अंग दाबून धरतो. मी टॉवेल ओढायची अन् ती आतून पाय तटवून धरायची, जसं काही मी बैल ओढून राहिले. महिना व्हायच्या आत टाच उचलली. डॉक्टरनं बघितलं. म्हणले, मंगल, हाड झकास वाढतंय, पण टाच अशीच राहिली तर पाय लांब व्हईल अन् तू चवड्यावर चालशील, मंग उपयोग काय. पुढच्या सोमवारी बघू, टाच खाली आली न्हाई तर मी वाढवणं थांबवतो, जेवढा झाला तेवढा. अन् मला बाजूला घेऊन म्हणले, मावशी, तिला म्हणावं ओरड. ओरडल्यावर अंग सैल पडतं. ही पोरगी ओरडतच न्हाई, मी असा पेशंट बघितला न्हाई.

घरी आलो. मी म्हणलं, ओरड. ती म्हणली, पुढं पंगत बसलीय, पोरं काय म्हणतील. मी म्हणलं, काय म्हणतील, दुखतंय म्हणतील. ती म्हणली, मला येत न्हाई. असं बघा ताई, ओरडायला येत न्हाई. पोहायला येत न्हाई म्हणावं तसं म्हणली. मी तिला म्हणलं, शिमग्यात बोंब मारतात तशी मार. ती म्हणली, शिमगा होऊन दोन महिने झाले. मी म्हणलं, मंग काय झालं, शिमगा आपल्या बापाचा न्हाई का.

आमच्याकडं शिमग्याची बोंब म्हणजे साधी न्हाई. उलटा हात तोंडावर मारायचा, बो बो बो बो करायचं, अन् ज्याच्यावर राग त्याचं नाव घेऊन त्याच्या बैलाला शिवी. वर्षभराचं साचलेलं त्या एका दिवसात निघतं. सरपंचाच्या बैलाला, तलाठ्याच्या बैलाला, कुणीबी राग मानायचा न्हाई असा कायदा. माझ्या माहेरात तर म्हाताऱ्या बायाबी मारायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत बसलेली, पोरं जेवत व्हती. मी मागं टॉवेल अडकवला, ओढायला लागले, पोरगी तटली, ओढणी दातात. मला असा राग आला, तिचा न्हाई, त्या सगळ्या गोष्टीचा. मी एका हातानं टॉवेल धरला अन् दुसरा हात तोंडावर उलटा मारत मोठ्यानं बोंब ठोकली, भूकंपाच्या बैलाला! अन् बैलाच्या पुढं जे काही म्हणलं ते तुम्ही लिहू नका. पोरगी डोळे फाडून माझ्याकडं बघायला लागली. पुढं पंगतीत एकदम सामसूम, मंग एक अर्धापूरचा पोरगा व्हता, बापाचा केळीचा मळा, आवाज असा की लाऊडस्पीकर नको, त्याला वाटलं असंल मावशीचं डोकं फिरलं, पण एकटीला कशाला फिरू द्यायचं, त्यानंबी घास खाली ठेवून बोंब मारली, फिजिक्सच्या बैलाला! अन् मंग काय, सगळी पंगतच उठली. क्लासचं दडपण, घरची आठवण, परीक्षेची धास्ती, सगळं नरड्यात येऊन बसलेलंच व्हतं, फक्त कुणीतरी सुरू करायचं बाकी व्हतं. छताच्या पत्र्याला आवाज धडकून असा घुमला की भांडी हालली.

अन् त्या गलक्यात मला बारीक आवाज ऐकू आला. मंगलच्या तोंडातली ओढणी पडली व्हती. उलटा हात तोंडावर. आधी नुसतीच हवा, मंग घोगरा आवाज, मंग असा आवाज निघाला ताई, की माझाच हात टॉवेलवरनं सुटला. अकरा वर्षांचा आवाज व्हता तो.

आता तमाशा ऐका. भर दुपार, गल्ली झोपलेली, अन् एकदम तीस जणांची बोंब अन् भांड्यांचा खणखणाट. लातूरच्या माणसाला दुसरं काय वाटणार! अख्खी गल्ली घराबाहेर. कुणी लेकरू काखेत घेतलं, कुणी टीव्ही. समोरचे मास्तर अर्धी दाढी केलेली अन् टॉवेलवर. एक बाई गॅसवरचं दुधाचं पातेलं घेऊन पळाली अन् सांडू नये म्हणून हळू पळत व्हती. शमीम खालाची आई, तिला सगळे नानीमा म्हणायचे, नव्वदीची, कानानं ठार बहिरी, अंथरुणावरच असायची, तिला बशीरभाई अन् त्यांच्या भावानं बाजेसकट उचलून रस्त्याच्या मधोमध आणून ठिवली. तिला काही कळंना, ती आपली बाजेवर बसून इकडं तिकडं बघत सगळ्यांना सलाम करत राहिली, तिला वाटलं कुणाची वरात हाय.

मंग कुणाच्या तरी ध्यानात आलं की जमीन हालत न्हाई, आवाज मावशीच्या खानावळीतून येतोय. सगळी गल्ली आमच्या दारात. शमीम खाला सगळ्यांच्या पुढं, ओढणी खांद्यावरून सुटलेली, म्हणली, कायकु चिल्लारे बाई, किसकु काटरे क्या! अन् मागच्या खोलीत येऊन बघते तर मंगल खाटेवर, पायात कडी, हात तोंडावर, डोळ्यातून पाणी.

खाला खाली बसली. दारात मास्तर, दुधाचं पातेलं, लेकरं, खिडकीत पंगतीतली पोरं. मंगलनं सगळ्यांकडं बघितलं, एकेकाकडं, अन् माझ्याकडं वळून हळूच म्हणली, आई, सगळे आले गं. अन् हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की तिला उचकी लागली. मी तेवढ्यात संधी साधून टॉवेल ओढला. टाच खाली आली. हसणाऱ्या माणसाला पाय तटवता येत न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं.

मंग ठरूनच गेलं. टॉवेलची वेळ म्हणजे बोंबेची वेळ. गल्लीला सांगून ठिवलं, ह्या ह्या वेळेला आवाज आला तर पळू नका. अजानच्या वेळेला बोंब न्हाई, अन् समोरच्या मास्तरांच्या पूजेच्या वेळेला न्हाई, बाकी मोकळीक. पोरं एकेका दिवशी एकेकाच्या बैलाला धरायची. ऑरगॅनिकच्या बैलाला, सरांच्या टेस्टच्या बैलाला. बाहेरच्या खानावळीतली पोरंबी आमच्याकडं जेवायला लागली, म्हणायची, मावशी, तुमच्याकडं जेवल्यावर हलकं वाटतं. मी म्हणायची, भाजी हलकी हाय. मालक कोथिंबिरीला जायचे ते बंद झाले, कणकेचा हात तोंडावर मारत दारात उभे राहायचे, मिशीला पीठ. अर्धापूरच्या पोराच्या बापानं तर केळीचा घडच पाठवायला सुरू केलं, हाडाला चांगली म्हणून, अन् मंगलला केळ्याचा असा वीट आला की आजबी ती केळं बघून तोंड फिरवते.

सोमवारी डॉक्टरनं टाच बघितली. म्हणले, कोणता व्यायाम केला? मी करून दाखवला. दवाखान्यात, भर दुपारी. नर्स पळत आली. डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून हसले.

तुम्हाला वाटंल झालं, संपलं दुखणं. न्हाई. बोंब मारून दुखायचं कमी व्हत न्हाई, ते खोटं सांगणार न्हाई मी. एका तारेपाशी पू झाला, ताप भरला, इंजेक्शनं झाली. अन् जसा पाय वाढत गेला तसं ओढणं वाढत गेलं. एक बोट फरक राहिला असताना एका सकाळी ती म्हणली, आई, बास. आता येवढाच राहू दे. एका बोटानं काय व्हतं, चपलेत पुठ्ठा घालीन. मी म्हणलं, पाय तुझा हाय, थांबायचं असंल तर थांब. मी जबरदस्ती केली न्हाई, कारण दुखत मला नव्हतं. पाना उचलून मी फळीवर ठिवला. पण एक सांगून ठिवलं, आज थांबलीस तर मंग हाड जमून बसंल, नंतर मन बदललं तर पुन्हा कापावं लागंल. ती म्हणली, हाव. माझ्यासारखं हाव म्हणली.

दुपार झाली. पंगत बसली, पण पोरं जेवंनात. ताटात हात घालून बसलेली, बोंबेची वाट बघत. मी म्हणलं, जेवा रे, आज न्हाई. मालक कोथिंबिरीची पिशवी शोधायला लागले. बाहेरची गल्लीबी गप. अन् मंग वाड्याच्या आतल्या अंगानं एक आवाज आला. चिरका, फाटका, बो बो बो. नानीमा. ठार बहिरी बाई, तिला वेळ कशी कळली मला आजपर्यंत माहीत न्हाई, उन्हावरून कळली असंल. तिला सगळ्यांनी येवढ्या दिवसात उलट्या हाताची बोंब शिकवली व्हती, तिला त्याचा लई नाद लागलेला, अन् आज कुणीच सुरू केली न्हाई म्हणून तिनंच सुरू केली. एकदा मारली. थांबली. पुन्हा मारली. म्हातारी हाक मारून राहिली अन् कुणी ओ देईना.

मी मंगलकडं बघितलं. तिचा चेहरा कसा झाला ते सांगत न्हाई. ती म्हणली, आई, पाना दे. मी दिला. तिनं स्वतः वाकून नट फिरवले, एकेक करून, टॉवेल स्वतः अडकवला, अन् मंग अशी ओ दिली त्या म्हातारीला, अशी दिली, की म्हणतात बहिऱ्याला ऐकू जात न्हाई, पण नानीमानं आतून परत ओरडून जवाब दिला. दोघींचं बराच वेळ चाललं व्हतं. आम्ही कुणी मधी पडलो न्हाई. नंतर पंगत जेवली.

पुढं एक बोट भरलं. मंग नट फिरवायचं बंद, पण कडी लई महिने तशीच, नवं हाड घट्ट व्हईपर्यंत. मंग काढली. कुबड्या, मंग एक कुबडी, मंग काठी, मंग काठी भिंतीला. पोरीनं बाजारात जाऊन चपलेचा जोड घेतला, खोक्यातून निघाला तसाच घातला, तळवा न्हाई, पुठ्ठा न्हाई. दुकानदाराला वाटलं असंल ही पोरगी चपलेकडं बघून काहून हसून राहिली.

अन् खरी गोष्ट तर पुढच्या थंडीत झाली. सकाळची वेळ, मी चुलीपाशी, मालक परातीपाशी, मंगल पार आतल्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. अन् खरोखरची जमीन हालली. लई न्हाई, बारीकच, पण ज्यानं एकदा भोगलं त्याला लगेच कळतं, पायाच्या तळव्याला कळतं. फळीवरचे पेले खुळखुळले. मी उठायला गेले तर पदर पाटाखाली अडकलेला. मालकांचे दोन्ही हात कणकेत. मी ओरडले, मंगीला धरा, मंगीला धरा! बघते तर कोपऱ्यात नुसतं सूप. मंगल कुठं हाय? मंगल बाहेर रस्त्यावर! सगळ्या गल्लीच्या आधी, अनवाणी, केसात तांदूळ. अन् तिथून हसत ओरडते, आई, ये की लवकर, काहून बसलीस! मी तिला तिथूनच अशी शिवी हासडली की बशीरभाईंनी कानावर हात ठिवले. मंग पदर सोडवून मी बाहेर गेले, अन् आम्ही दोघी रस्त्यात बसून हसलो. लोक घाबरून थरथरत व्हते अन् आम्ही हसत व्हतो. नानीमाची बाज आली, तिनं आम्हाला बघितलं अन् हात उलटा करून तोंडावर मारायला लागली.

त्या रात्री मंगलनं अंथरूण उचललं अन् आतल्या खोलीत टाकलं, भिंतीला लागून.

आता नानीमा न्हाई, मालक न्हाईत. मंगल नांदेडला दिली, मीबी आता तिच्याकडंच असते, जावई बरा हाय, कमी बोलतो, आमच्या घरात कुणीतरी कमी बोलणारं पाहिजेच. इथं नांदेडलाबी आता तसंच क्लासचं पीक आलंय, ही खालच्या मजल्यावर मुलींची खानावळ चालवते अन् वरच्या मजल्यावर आतल्या खोलीत झोपते. परीक्षेच्या आधी तिच्या खानावळीतबी कधी कधी आवाज व्हतो. शेजारी नवे आले की घाबरतात. एकदा पोलीस आले व्हते, जेवून गेले.

अन् दारापाशी आता मी झोपते. गुडघे गेलेत दोन्ही. मंगल रोज टॉवेल घेऊन येते, माझ्या पंजाला अडकवते अन् ओढते, हात जड हाय पोरीचा, वचपा काढते का काय कोण जाणे. म्हणते, आई, मार बोंब. मी म्हणते, म्हातारपणी शोभत न्हाई. ती अजून ओढते. मंग मी मारते.

झालं, ताई, येवढंच हाय. चहा घ्या, गार झाला. तुमचे दोन्ही पाय सारखे राहोत, अन् दुखलं खुपलं तर गप बसू नका, ओरडा. कुणी ना कुणी पळत येतंच, भूकंप झाला समजून का व्हईना.